अंगुलियोजना व अलंकरण, शॉपँच्या पियानोरचनांतील

पियानोवर कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवावा, याविषयीची योजना म्हणजे अंगुलियोजना आणि मूळ सुरावटीस शोभा आणणाऱ्या लहान स्वरांची जोड म्हणजे अलंकरण होय. पाश्चात्त्य स्वरलेखनात अंगुलियोजना १ ते ५ या आकड्यांनी (अंगठा १, करंगळी ५) आणि अलंकरण बारीक स्वरचिन्हांनी किंवा ठराविक खुणांनी दाखविले जाते. जुन्या इंग्रजी प्रतींत अंगठ्यास फुली व तर्जनीपासून १ ते ४ आकडे असत. त्यामुळे अशी प्रत हाती आल्यास शिकणाऱ्याची तारांबळ उडते. या दोन्ही बाबी वरवर पाहता तपशिलाच्या वाटतात. तथापि एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी पियानोसंगीतात, विशेषतः फ्रेदेरीक शॉपँ (१८१०–४९) याच्या रचनांत, त्या संगीताच्या आशयाशीच निगडित आहेत. त्याच्या मृत्यूनंतर या खुणांची बरीच हेळसांड झाली आणि तिचे परिणाम पुढील कित्येक पिढ्यांच्या वादनावर झाले.

पियानोपूर्व काळातील वाद्यांवर अंगठ्याचा उपयोग बेताचाच होई. मधली बोटे एकमेकांवरून नेऊन स्वरपंक्ती वाजविली जात. फ्रान्स्वा कूपरँ याने १७१६ मध्ये क्लाव्हेसँवादनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या जुन्या पद्धतीच्या खुणा स्पष्ट दिसतात. योहान सेबास्टिआन बाख याचा पुत्र कार्ल फिलिप इमान्युएल बाख याने १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंगठ्यास प्रमुख बोटाचे स्थान दिले. पुढे हुमेल (१८२८) व चेर्नी (१८३९) यांच्या विस्तृत ग्रंथांतून आधुनिक अंगुलियोजनेचे नियम रूढ झाले : अंगठा व करंगळी शक्यतो काळ्या पट्टीवर ठेवू नयेत, अंगठा इतर बोटांखालून सरकवावा आणि सरावाने पाचही बोटे सारख्या ताकदीची करावीत.

यांपैकी शेवटचे उद्दिष्ट त्या काळात एक ध्यासच होऊन बसले होते. हात एका पातळीत जखडून ठेवणारे ‘कायरोप्लास्ट’ नावाचे साधन लोजिए याने १८१४ मध्ये काढले. पॅरिसमधील ख्यातनाम वादक काल्कब्रेनर यानेही हाताला आधार देणाऱ्या दांडीचा पुरस्कार केला आणि बोटांचा सराव चालू असता वाचन करण्यास हरकत नाही, असा सल्ला तो देई. रॉबर्ट शूमान याचा उजवा हात १८३२ च्या सुमारास अधू होऊन त्याची वादक म्हणून कारकीर्द संपली. त्याच्या कारणांविषयी मतभेद असले, तरी बोटे बळकट करण्यासाठी त्याने यांत्रिक साधन वापरले होते, हे निश्चित.

शॉपँ १८३१ मध्ये पॅरिसला आला, तेव्हा काल्कब्रेनरने त्याला आपल्या हाताखाली तीन वर्षे शिकण्याचे सुचविले. शॉपँने ते नाकारले; मात्र आपला ई मायनर कंचेर्टो त्याने काल्कब्रेनरलाच अर्पण केला. दोघांच्या दृष्टींतील अंतर शॉपँच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीच्या टिपणांवरून कळते. ही टिपणे पुढे आल्फ्रेड कॉर्तो या वादकाच्या संग्रहात आली व त्याने ती १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. बोटांची ताकद सारखी करू पाहणे हे निसर्गाविरुद्ध जाणे आहे, प्रत्येक बोटाचा स्वभाव त्याच्या घडणीनुसार वेगळा असतो आणि त्या वेगळेपणाचाच उपयोग करून घ्यावा, असे त्यांचे सार आहे. मधल्या बोटास तो उत्तम गायक मानी. हात ठेवण्यासाठी त्याने ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प व बी हे पाच स्वर निवडले. कारण येथे लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्या पट्ट्यांवर सहज विसावतात. म्हणून शिष्यांना तो बी मेजर हे स्केल आधी शिकवी. वाचायला सर्वांत सोपे असलेले सी मेजर हाताला सर्वांत अवघड, कारण त्यात बोटांना टेकण्यास उंचवटा नाही. हे निरीक्षण इतके साधे आहे, की तोवरच्या ग्रंथकारांच्या ते ध्यानी कसे आले नाही, याचेच नवल वाटते.

या विचाराचे प्रत्यक्ष रूप ‘ओपस १०’ (१८३३) मधील एट्यूडांत आढळते. दुसऱ्या एट्यूडमध्ये उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी स्वरमेळ धरतात आणि वरची अर्धस्वरांची धावती पंक्ती उरलेल्या तीन बोटांनी, एकमेकांवरून ओलांडत, वाजवावी लागते. येथे शॉपँने जवळजवळ प्रत्येक स्वरावर आकडा लिहून ठेवला आहे. कूपरँच्या काळची, टाकून दिलेली रीतच त्याने नव्या कामाला जुंपली, असे म्हणता येईल. पाचव्या एट्यूडमध्ये उजवा हात जवळजवळ सर्वस्वी काळ्या पट्ट्यांवर फिरतो, तेव्हा अंगठ्यावरील जुना निर्बंध आपोआपच गळून पडतो. सलग स्वर एकाच बोटाने सरकवत नेणे, हीदेखील त्याची आवडती युक्ती होती. सनातनी मंडळींना हे रुचले नाही. बोटे वाकडी असणाऱ्यांनी ती सरळ करून घेण्यासाठी हे एट्यूड वाजवावेत, इतरांनी शस्त्रवैद्य जवळ असल्याशिवाय त्यांच्या वाटेस जाऊ नये, अशा आशयाची थट्टा बर्लिनचा समीक्षक रेल्श्टाप याने केली.

अलंकरणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लहान स्वर मूळ स्वराच्या वेळेतून घ्यावा, म्हणजे तो खर्जातील स्वराबरोबर तालाच्या ठोक्यावर पडावा, हा कार्ल फिलिप इमान्युएल बाखचा नियम. ट्रिलची सुरुवातही त्या परंपरेत वरच्या स्वराने होई. हुमेलने १८२८ मध्ये ती मूळ स्वरापासून करण्याचा दंडक घातला आणि नवा जमाना त्याच्यामागून गेला. शॉपँ मात्र या बाबतीत जुन्याच मताचा होता. त्याच्या शिष्यांच्या प्रतींत लहान स्वरापासून खालच्या खर्जस्वरापर्यंत पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आढळतात. त्यांचा अर्थ दोन्ही स्वर एकदम वाजवावेत, असा आहे. ट्रिल सर्वसाधारणपणे वरच्या स्वराने सुरू करावी. मूळ स्वराचाच लहान स्वर आधी लिहिलेला असेल, तर तो दोनदा न वाजवता ट्रिल तेथून सुरू करावी, असे त्याचे सांगणे शिष्यांकरवी नोंदले गेले आहे.

त्याच्या नॉक्टर्नांतील लांबलचक स्वरमालिकांचे मूळ मात्र इटालियन ऑपेराच्या गायनात आहे. बेल्लीनी हा त्याचा स्नेही होता आणि चांगले गायक ऐकण्याचा आग्रह तो शिष्यांना करी. ‘ओपस ९’ मधील पहिल्या नॉक्टर्नच्या दुसऱ्या बारमध्ये डाव्या हाताच्या ६ स्वरांवर उजव्या हाताचे ११ आणि तिसऱ्यात १२ वर २२ स्वर येतात. नवखा विद्यार्थी येथे भागाकार करू लागतो, ते चूक होय. डावा हात तालात स्थिर ठेवून मालिका सावकाश सुरू करावी व शेवटाकडे वेग वाढवावा, असे यान क्लेचिन्स्की याने १८७९ च्या आपल्या व्याख्यानांत शॉपँच्या शिष्यांच्या आधारे नमूद केले आहे. याच संचातील ई फ्लॅट मेजर नॉक्टर्नमध्ये मूळ सुरावट प्रत्येक आवर्तनात अधिक नटून येते. तिच्या अनेक पर्यायी सजावटी शॉपँने वेगवेगळ्या शिष्यांच्या प्रतींत लिहून दिल्या. ख्यालगायनाच्या श्रोत्यास यात नवल वाटणार नाही. छापील संहिता प्रमाण मानणाऱ्या युरोपीय संपादकांची मात्र त्यामुळे पंचाईत झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संपादकांपैकी क्लिंटवर्थ याने १८७० नंतरच्या दशकात शॉपँच्या रचनांना स्वतःची अंगुलियोजना जोडली. शॉपँचा शिष्य मिकुली याची आवृत्ती १८८० च्या सुमारास निघाली आणि तिच्या प्रस्तावनेत गुरूच्या शिकवणीचा वृत्तांत आला. परंतु अधिक जोरकस, जड पट्ट्यांच्या नव्या पियानोंवर वाढलेल्या वादकांना ती शिकवण मवाळ वाटली. शॉपँ हलक्या पट्टीचा प्लेएल पियानो पसंत करी, ही गोष्ट येथे विसरता येत नाही : त्याचे काही आकडे आजच्या वाद्यावर खरोखरच त्रासदायक ठरतात आणि ते बदलण्यात गैर काही नाही. मात्र काय बदलले, हे वादकास माहीत असले पाहिजे.

या दिशेने निर्णायक काम विसाव्या शतकात झाले. झां-झाक आयगेल्डिंगर याने १९७० मध्ये शिष्यांच्या साक्षी एकत्र करून प्रसिद्ध केल्या. शॉपँची स्कॉटिश शिष्या जेन स्टर्लिंग हिच्या खुणा केलेल्या प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. यान एकिएर याच्या संपादकत्वाखाली १९६७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली व २०१० मध्ये पूर्ण झालेली पोलिश राष्ट्रीय आवृत्ती शॉपँचे आकडे ठळक व संपादकाचे आकडे तिरप्या टाइपात छापते, तर पर्यायी अलंकार मूळ ओळीच्या वर देते. त्यांतला कोणता घ्यावा, हे तिने वादकावर सोपविले आहे.