रीडओन्ली की डिसेबल्ड? दोन शब्दांचा इतिहास

मी रोज वेब फॉर्म बनवतो, त्यामुळे आजचे दोन शब्द रोज माझ्या हाताखालून जातात.

१९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये फॉर्म होते, पण ‘हे फक्त वाचा, बदलू नका’ असं सांगायची सोय नव्हती. ती आली डिसेंबर १९९७ मध्ये, एचटीएमएल ४.० बरोबर. आणि एक नाही, दोन सोयी आल्या. रीडओन्ली रकान्यात टॅब दाबून पोचता येतं, मजकूर वाचता येतो, फक्त बदलता येत नाही. डिसेबल्ड रकाना मात्र टॅब सरळ ओलांडून जातो, आणि त्यातली माहिती सर्व्हरकडेही जात नाही.

डोळ्यांनी बघणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही. पण स्क्रीन रीडर वापरणारे बरेचदा टॅबनेच फॉर्म भरतात. समजा, पैसे पाठवायच्या शेवटच्या पानावर खाते क्रमांक आणि रक्कम डिसेबल्ड आहेत. कानावर थेट पडतं, ‘पाठवा, बटण’. बाणाच्या कीने पान चाळलं तर ते रकाने सापडतात. पण तिथे काही आहे, हे आधी कळायला तर हवं ना!

मग आम्ही डेव्हलपर डिसेबल्ड का वापरतो? एक तर ब्राउझर ते आपोआप राखाडी करतो, काम झाल्यासारखं वाटतं. दुसरं, ड्रॉपडाउन आणि चेकबॉक्सला रीडओन्ली तेव्हा लागू नव्हतं, आजही नाही. २०१४ मध्ये एरिया १.० हे मानक आलं, त्यात ‘एरिया-रीडओन्ली’ मिळालं. पण ते स्क्रीन रीडरला फक्त माहिती देतं, बदल अडवत नाही. त्यात २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० ने बंद रकान्यांना रंगांच्या कॉन्ट्रास्टच्या नियमातून सूट दिलेली. म्हणजे कमी दिसणाऱ्यांचीही पंचाईत!

उपाय सोपा आहे. टेक्स्ट असेल तर रीडओन्ली वापरा, सोबत नीट लेबल द्या. ड्रॉपडाउनमधली निवड असेल तर ती साध्या मजकुरात दाखवा. मी टीममध्ये एकच प्रश्न विचारतो: ही माहिती माणसाने वाचायची आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर डिसेबल्ड नको. पैसे पाठवण्याआधी आकडा तपासायचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे.

आज माउस बाजूला ठेवून एखादा फॉर्म नुसत्या टॅबने भरून बघा. काय काय सुटलं, ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!