ओझर तांबट, ओझर मिग आणि नुसतं ओझर



भूगोलाच्या तासाला भिंतीवरच्या नकाशात ॲमेझॉन दाखवा म्हटलं की आपल्यातले निम्मे हात वर होत. बाणगंगा त्या नकाशात नव्हती. शाळा सुटल्यावर आपण तिच्या पात्रात डुंबायचो, पण ती परीक्षेत कधी आली नाही. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच राहून गेलेला धडा लिहायचं ठरवलं.

बाहेरगावी गेलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास येतो : “ओझर म्हणजे अष्टविनायकातलं का?” नाही, ते जुन्नर तालुक्यातलं, विघ्नहराचं. ओझरखेडचं धरणही आपलं नव्हे, ते दिंडोरी तालुक्यात. (जाता जाता सांगते, पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये निजामाला कोंडीत पकडलं ते पालखेडसुद्धा आपल्या शेजारचं नाही, वैजापूरकडचं. गावात अजून यावर पैजा लागतात.) एवढी सारखी नावं असल्यावर आपल्या गावाला ओळखीसाठी शेपूट लागणारच.

पहिलं शेपूट तांबटांचं. इंग्रजांनी १८८३ मध्ये छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आपलं गाव ‘ओझर तांबट’ म्हणून येतं. तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर. अशा धंद्याला रस्ता हवा, आणि मुंबई-आग्रा रस्ता तर गावाला लागूनच. रेल्वे आली ती मात्र खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड अशी दक्षिणेकडून गेली. रूळ गावातून गेले असते तर ओझर आज वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं, पण ते असो.

दुसरं शेपूट तुमच्या-माझ्या पिढीचं. सोव्हिएत संघाशी मिग विमानांचा करार झाला १९६२ मध्ये. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिलं. १९६४ पासून आपल्या माळावर कारखाना उभा राहू लागला. काम तीन ठिकाणी वाटलं होतं : इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला. पत्र्यावर ठोके मारणाऱ्यांच्या गावात पुन्हा धातूचंच काम आलं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

तेव्हापासून गावाची दोन गावं झाली. एक टाउनशिप, सरळ रस्त्यांची, भोंग्यावर चालणारी, जिथे मल्याळी, बंगाली, पंजाबी शेजारी शेजारी राहत. दुसरं चंपाषष्ठीला खंडेरायाच्या बारागाड्यांपुढे भंडारा उधळणारं. वर्गात आपण एकाच बाकावर बसलो, पण डबे वेगळे होते आणि घड्याळंही वेगळी होती. दहाव्या मैलावर सुटणाऱ्या पाळीच्या सायकली पाहून आमचे अण्णा म्हणायचे, “यांची पाळी ठरल्या वेळेला येते, आपल्या पाटाची कधी येईल ते देवाला ठाऊक.”

तो पाट हा या गावाचा खरा इतिहास, असं माझं मत आहे. गॅझेटियरमध्ये बाणगंगेवरच्या ‘ओझर तांबट कालव्या’ची नोंद आहे, म्हणजे पाण्याची खटपट जुनीच. पुढे दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण झालं. त्याच्या उजव्या कालव्याच्या टेलाला आपली शेती. कालव्याचा नियम सोपा असतो : वरचे आधी भिजवतात, टेलाला उरेल ते. आपल्या वाट्याला बहुधा काहीच उरत नसे. विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवत.

हे चित्र समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पालटायला घेतलं. पुण्याच्या सोपेकॉमचं तांत्रिक साहाय्य होतं. १९९० च्या सुमारास ओझरला महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. कल्पना अशी की, संस्थेने पाणी मोजून, घनमापाने, घाऊक घ्यायचं आणि आपल्या सभासदांना स्वतः वाटायचं. कोणी कुठलं पीक घ्यावं याची सक्ती नाही. पाणीपट्टी संस्थेनेच गोळा करायची. नाल्यांवर बंधारे घालून त्यात कालव्याचं पाणी सोडायचं, म्हणजे ते मुरून विहिरींना येतं. आणि लाभक्षेत्रातल्या विहिरीवाल्यानेही आपला वाटा भरायचा. यावर गावात कडाक्याची भांडणं झाली. “विहीर माझी, पैसे तुम्हाला कशाचे?” हा सवाल आमच्या ओट्यावरही झाला आहे. विहिरीला वाढलेले हात दिसले तेव्हा तो आपोआप मिटला.

द्राक्षबागा त्यानंतर वाढल्या. वरच्या गावांनीही संस्था काढल्या, आणि २००३ मध्ये वाघाडच्या २४ संस्थांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन हाती घेतलं. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. सुरुवात टेलाकडून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. माथ्यावरच्याला संस्थेची गरज कशाला पडेल?

सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केलं. ऑक्टोबरमध्ये ओझरच्याच धावपट्टीवरून तेजस मार्क-१ए उडालं. गावाला कोणी ‘ओझर तेजस’ म्हणेल असं दिसत नाही. आता ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली आहे आणि पाटाखालच्या रानात प्लॉटचे खांब दिसू लागलेत. बिनशेती झालेल्या प्लॉटला पाण्याची पाळी लागत नाही, आणि जो पाळीला येत नाही तो संस्थेच्या सभेलाही येत नाही. मला काळजी वाटते ती याची.

एक विनंती. कोणाच्या घरी कारखान्याला जमीन गेली त्याआधीचे सातबारा, तांबटकामाचं एखादं जुनं हत्यार, पाणी वापर संस्थेच्या सुरुवातीच्या पावत्या किंवा बारागाड्यांचे फोटो असतील, तर संमेलनाला येताना घेऊन या. मूळ वस्तू तुमच्याकडेच राहू द्या. कागदांच्या झेरॉक्स आणि वस्तूंचे फोटो शाळेच्या ग्रंथालयात, भूगोलाच्या कपाटात ठेवण्याची व्यवस्था केली आहे.