परक्या वस्तूंची मालकी

अकोले तालुक्यांतील राजूर हें गांव डांगी जनावरांच्या प्रदर्शनाबद्दल प्रसिद्ध आहे. अशा प्रदर्शनांत परीक्षकाच्या वहींत बैल शिरत नाहीं. शिरतो तो त्याचा क्रमांक. धनी मध्येंच बैल घेऊन गेला, तर वहींतील क्रमांक पोकळ ठरतो. संगणकाच्या स्क्रिप्टिंग भाषांच्या इतिहासांत हाच पेंच पुनःपुन्हा आलेला दिसतो.

या भाषा बहुधा सी भाषेंत रचलेल्या असतात. खिडकी, फाइल, चित्र या वस्तू सीच्या आधीन, यंत्राच्या स्मृतींत ठाणें मांडून असतात. त्यांना स्क्रिप्टच्या व्यवहारांत आणावें कसें, आणि काम सरल्यावर त्यांची जागा कोणीं मोकळी करावी?

जॉन ऑस्टरहाउट यांनीं १९८८ मध्यें बर्कली येथें टीसीएल भाषेस आरंभ केला. तींत प्रत्येक मूल्य म्हणजे अक्षरांची माळ. उघडलेल्या फाइलीस 'फाइल३' असें नांव मिळे. खरी वस्तु आंतल्या कोष्टकांत राही. रचना सुटसुटीत खरी. पण तें नांव अजून कोणाजवळ उरलें आहे, हें भाषेस कळत नसे. वस्तु मोकळी करण्याचा भार लिहिणाऱ्यावरच पडे. १९९७ च्या ८.० आवृत्तींत मूल्यास आंतलें रूपहि मिळालें व वेग वाढला. अक्षरांचें राज्य मात्र कायम राहिलें.

गीदो व्हान रॉसम यांनीं १९९१ मध्यें ॲम्स्टरडॅमहून पायथन प्रसिद्ध केली. तींत अंक असो, यादी असो वा सीमधून आलेली वस्तु असो, प्रत्येकीच्या माथ्यावर दोन नोंदी: प्रकार कोणता, आणि किती जणांनीं धरून ठेवली आहे. गणती शून्यावर येतांच जागा मोकळी. पण सीमध्यें लिहिणाऱ्याची एक गणती चुकली, कीं वस्तु अकालीं नष्ट तरी होई, नाहीं तर कायमची अडून तरी राही. परस्परांस धरून बसलेल्या वस्तूंची गणती शून्यावर येतच नसे. त्यांच्यासाठीं २००० मधील २.० आवृत्तींत निराळा शोधक नेमावा लागला.

रिओ द जानेरोच्या कॅथॉलिक विद्यापीठांत १९९३ सालीं जन्मलेल्या लुआनें परक्या वस्तूंसाठीं 'यूझरडेटा' हा स्वतंत्र प्रकारच ठेवला. २००३ च्या ५.० आवृत्तींत त्याच्या दोन शाखा स्पष्ट दिसतात. एकींत स्मृति लुआनें द्यावी व लुआनेंच परत घ्यावी. दुसरींत केवळ पत्ता, त्याची जबाबदारी सर्वस्वी सीची.

परकी वस्तु आपल्या व्यवहारांत आणणें हें कधींच फारसें कठीण नव्हतें. कठीण होतें तें तिचा धनी कोण, हें ठरविणें. जेथें हा करार मोघम राहिला, तेथेंच कार्यक्रम मध्येंच कोसळले.