इतिहासाच्या आडोशाने

भिलाई हे भूतकाळ नसलेले नगर आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात क्रमांकांचे सेक्टर व क्रमांकांचे रस्ते उभे राहिले. देशाच्या सर्व प्रांतांतून येथे माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. गाव मागे ठेवून आलेल्यांना जो भूतकाळ हवा असतो, तो अशा नगरात प्रथम पुस्तकांतून आणि पुढे पडद्यावरून आला. मुंबई दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांचा आवाका फार काळ मनोऱ्यांच्या टप्प्यापुरताच होता. उपग्रहवाहिन्या आल्यावर पेशवाईतील वाडे, पैठण्या, नथी आणि पती-पत्नींचे अबोल रुसवे कारखान्याच्या वसाहतीतही दिसू लागले. ते आवडीने पाहिले जातात, आणि ही आवड कबूल करताना माणसे किंचित ओशाळतात. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते : मुलांना इतिहास कळतो, शुद्ध मराठी कानावर पडते. या उत्तरात खोटे काही नाही. मात्र पुढच्या भागाची वाट पाहावयास लावते ते इतिहासप्रेम नव्हे, हे उत्तर देणाराही जाणून असतो.

हे ओशाळलेपण मराठी कादंबरीइतकेच जुने आहे. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. प्रेमी जीव, दुष्टांची कारस्थाने, ताटातूट आणि शेवटी मीलन, एवढी सामग्री या पठडीला पुरेशी होती. काळ कोणता आणि देश कोणता, ही चौकशी तिला परवडणारी नव्हती. वाचकांनी अशा कथा उचलून धरल्या आणि विद्वानांनी नाके मुरडली. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून असंभाव्याच्या या सोसावर बोट ठेवले. आक्षेपात तथ्य होते. परंतु टीकेने गोडी नाहीशी होत नसते. फार तर ती वेष पालटते. वेष पालटण्याची ही वाट मराठ्यांच्या निबंधापूर्वीच, १८७१ मध्ये, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने दाखवून ठेवली होती. शिवकालाची पार्श्वभूमी लाभताच तीच संकटे आणि तीच ताटातूट वडीलधाऱ्यांसमोर उघडपणे वाचण्याजोगी झाली.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले आणि त्याला सरळ ‘करमणूक’ हे नाव दिले. हा प्रामाणिकपणा आजच्या वाहिन्यांनाही साधलेला नाही. त्याच साप्ताहिकातून १८९५ ते १८९७ या काळात ‘उषःकाल’ क्रमशः येत गेला. आठवड्याच्या हप्त्याने उत्कंठा ताणण्याचे तंत्र दूरचित्रवाणीने शोधलेले नाही, ते तिला वारशाने मिळाले आहे. मराठी रसिकाला प्रणयकथा हवी होती, पण ती घेण्यासाठी त्याला इतिहासाची परवानगी लागत होती. त्या परवानगीतूनच आपली ऐतिहासिक कादंबरी बहरली, असे म्हणावयास हरकत नाही. अपराधी भावनेने वाङ्मयाचे नुकसान होते हे गृहीतक येथे तरी लागू पडत नाही.

या परंपरेचे सर्वांत लोकप्रिय फळ म्हणजे रणजित देसाई यांची १९६२ ची ‘स्वामी’. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ओशाळण्याचे उरलेसुरले कारणही संपले. वस्तुतः या कादंबरीतील रणांगणे वाचकाच्या मनात फारशी रेंगाळत नाहीत. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर आलेला माधवराव, त्याचा चुलता राघोबादादा, राक्षसभुवनची लढाई, हैदरावरील मोहिमा हा सर्व व्यवहार दिवाणखान्यातून ऐकू येणाऱ्या बोलण्यासारखा वाटतो. लक्ष असते ते माधवराव आणि रमा यांच्याकडे : मोहिमेवरून परतणारा थकलेला नवरा, दुसऱ्यांसमोर बोलण्याची चोरी असलेली बायको, आणि दोघांमध्ये हळूहळू येऊन बसलेला क्षय. एकत्र कुटुंबात वाढलेल्या पिढीला या चोरट्या संभाषणात स्वतःच्या संसाराची ओळख पटली असल्यास नवल नाही. गजानन जागीरदार यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या कादंबरीवर मालिका केली. १९४४ च्या ‘रामशास्त्री’ या प्रभात चित्रपटात रामशास्त्र्यांची भूमिका करणारे ते हेच. रवींद्र मंकणी माधवराव झाले आणि मृणाल देव रमा झाल्या. पुढे मृणाल कुलकर्णी या नावाने त्यांनीच २०१४ मध्ये ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात गोपिकाबाईंची, म्हणजे रमेच्या सासूची, भूमिका केली. २०१९ मध्ये रमाबाईंवरच ‘स्वामिनी’ ही मालिका सुरू झाली. एका अल्पायुषी दांपत्याकडे मराठी मन इतक्या वेळा परत का जाते?

उत्तराचा काही भाग थेऊरला आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चिंतामणीच्या सान्निध्यात माधवरावांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या. संपूर्ण प्रणयाची उतरण या चितेकडे आहे. वाचक आणि प्रेक्षक दोघेही पहिल्यापासून हे जाणतात. किंबहुना प्रत्येक कोवळ्या प्रसंगाला जे कारुण्य चढते ते या पूर्वज्ञानामुळेच. येथे ओशाळलेपणाचा पत्ता चुकतो. संध्याकाळ वाया गेली, हलकेफुलके काही पाहिले, याची लाज वाटते. पण एका तरुण स्त्रीचे जळणे हे प्रेमकथेचे शिखर म्हणून आपण स्वीकारले, याची लाज क्वचितच वाटते. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवर चितेवर गेली आणि त्यानंतर झालेल्या कायद्याने सतीचे उदात्तीकरणही दंडनीय ठरवले. ऐतिहासिक घटना दाखवणे हा गुन्हा नव्हे, आणि कादंबरीकाराने अठराव्या शतकाला आपल्या शतकाची बुद्धी द्यावी, ही अपेक्षाही रास्त नाही. तथापि रमाबाईंच्या निर्णयात प्रेम किती आणि वैधव्याची वाट किती, हा प्रश्न कथेने विचारलाच नाही तर इतिहास तिथे केवळ दागिन्यांपुरता उरतो.

भिलाईत बसून ही कथा पाहिली की आणखी एक गोष्ट नजरेस येते. माधवरावांनी ज्या जानोजी भोसल्यांच्या मुलखावर स्वारी केली आणि १७६९ च्या मार्चमध्ये ज्यांच्याशी कनकापूरचा तह केला, ते नागपूरकर म्हणजे याच भूमीचे धनी. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूर घेतले. १७५८ पासून १७८७ पर्यंत जानोजींचे बंधू बिंबाजी तेथे नांदले. दसऱ्याला सोने लुटण्याची चाल आणि मोडी लिपीचा वापर छत्तीसगडात त्यांनी आणला, असे येथील इतिहासग्रंथ सांगतात. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदारांकरवी कारभार चालू लागला. १८१८ नंतर येथे आलेल्या अ‍ॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने १८२० च्या अहवालात या सुभेदारीतील लुबाडणुकीचे वर्णन केले आहे. नवा धनी जुन्याची निंदा करणारच, ही सूट देऊनही ते वर्णन पुसून टाकता येत नाही.

त्यामुळे वसाहतीतील मराठी घरात जे शतक नऊवारी नेसून येते, ते शेजारच्या छत्तीसगढी घराच्या स्मृतीत वसुलीच्या तगाद्यासह येण्याचा संभव आहे. शेजाऱ्याला स्वतःचा भूतकाळ रंगवून ऐकण्याची हौस कमी नाही. लोरिक-चंदाची प्रेमकथा या मुलखात रात्ररात्र गायिली जाते, आणि लोरिक कोणत्या साली झाला याचा दाखला तेथे कोणी मागत नाही. ‘मंजुघोषे’च्या वाचकाकडून विद्वानांनी काढून घेतलेले स्वातंत्र्य चंदैनीच्या श्रोत्याकडे शाबूत राहिले. मराठी प्रेक्षकाने मात्र इतिहासाचा आडोसा घेतला आहे, म्हणून त्याला इतिहासाचे प्रश्न टाळता येत नाहीत : पुण्याच्या वाड्यातील तेलवातीचा खर्च कोणकोणत्या मुलखांनी सोसला, हा त्यांपैकी एक.

थेऊरला मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंचे वृंदावन आहे. रतनपूरला ‘बीस दुवरिया’ नावाची वास्तू आहे. राजा लक्ष्मणसाहीबरोबर सती गेलेल्या वीस राण्यांचे ते स्मारक, असे लोक सांगतात. त्या वीस राण्यांवर अद्याप कोणी मालिका केलेली नाही.