बजेट ५०-६० हजारांचं, रस्ता नगरचा : साध्या सायकलवरून रोड बाईकवर जाताना पैसे नेमके कुठे घालायचे?

नगरमध्ये कुणी "बाईक घ्यायचीय" म्हणालं की समोरचा लगेच विचारतो, "बुलेट का स्प्लेंडर?" पण इथे विषय पेट्रोलच्या बाईकचा नाही. विषय आहे वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या रोड बाईकचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या रस्त्यावर पळवायच्या सायकलचा.

सायकलिंगची सुरुवात बहुतेक जण १०-१५ हजारांच्या गिअरच्या सायकलवर करतात. जाड टायर, पुढे सस्पेन्शन आणि वजन १५-१६ किलोच्या घरात. वर्षभर ती चालवली की पल्ला वाढतो. २० किलोमीटरचे ५० होतात आणि मग वाटायला लागतं, आता जरा चांगली सायकल पाहिजे.

अडचण इथूनच सुरू होते. नोकरदार माणसासाठी किंवा शिकणाऱ्या पोरासाठी ५०-६० हजार म्हणजे कित्येक महिन्यांची बचत. जास्त पर्याय बघायचे तर १२० किलोमीटरवरचं पुणं नाहीतर नाशिक गाठायचं. चुकीच्या मापाची किंवा चुकीच्या कामाची सायकल घरी आली, तर ती चार महिन्यांत गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागते.

म्हणून मोबाईलवर मॉडेल बघण्याआधी स्वतःचा रस्ता बघणं गरजेचं आहे.

जिल्हा एक, रस्ते तीन

अहमदनगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. साहजिकच इथला सायकलचा रस्ता एकसारखा नाही.

पश्चिमेला अकोले तालुका. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, भंडारदरा, सरळसरळ सह्याद्रीतला चढ-उतार आणि मुसळधार पाऊस. संगमनेरच्या बाजूला चंदनापुरी घाट, नगरजवळ इमामपूरचा घाट आणि पाथर्डीकडे करंजी घाट.

मधला पट्टा प्रवरा-गोदावरीचा, उसाचा. इथे गाळप हंगाम आणि सायकलिंगचा चांगला सीझन, दोन्ही हिवाळ्यातच येतात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, सांडलेलं वाढं, कडेला वेड्या बाभळीचे काटे. नगर-मनमाड रस्ता तर खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षं बातम्यांत आहे.

तिसरा रस्ता पठाराचा, पारनेर-सुपा बाजूचा. पुणे रोडवरून दिसणाऱ्या पवनचक्क्या तिथे उगीच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे वारा आहे, आणि सायकलवाल्याला तो समोरून आला की चढापेक्षा जास्त दमवतो.

आपलं ७०-८० टक्के सायकलिंग या तिघांपैकी कुठल्या रस्त्यावर होणार, हे ठरलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिला प्रश्न : टायर किती जाड बसतो?

रोड बाईक म्हटलं की करकरीत बारीक टायर, हा समज जुना झाला. पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर असायचे. आता रेसमध्येसुद्धा २८ मिमी सर्रास वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर कडक बारीक टायर उड्या मारतो आणि त्यात ताकद वाया जाते. थोडा जाड, कमी हवेचा टायर रस्त्याला धरून पळतो.

नगरच्या रस्त्यासाठी किमान २८ मिमीचा टायर असावा, आणि फ्रेममध्ये ३२ बसत असेल तर अजून चांगलं. दुकानदाराला रंगाआधी हे विचारावं. टायर पुढे बदलता येतो, फ्रेममधली जागा वाढवता येत नाही.

हवेचंही तसंच. ७० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये ढोबळमानाने ७५-८० पीएसआय हवा पुरते. टायरवर लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा ही मर्यादा असते, तिथवर हवा भरलीच पाहिजे असं नाही.

आता दोन गोष्टी, ज्या गावात पंक्चर झाल्यावर कळतात.

एक, रोड बाईकच्या ट्यूबला बहुतेक वेळा 'प्रेस्टा' नावाचा बारीक व्हॉल्व्ह असतो. मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसत नाही. त्यासाठी पितळी टोपीसारखा छोटा अडॅप्टर मिळतो. किंमत किरकोळ, पण तो खिशात नसेल तर समोर कॉम्प्रेसर असूनही सायकल ढकलत न्यावी लागते.

दोन, गावातल्या दुकानात "२८ इंची टायर आहे" असं सांगतात, पण तो आपल्या जुन्या काळ्या सायकलचा असतो. त्याच्या रिमचं माप ६३५ मिमी आणि रोड बाईकच्या ७००सी रिमचं ६२२ मिमी. तो टायर बसणारच नाही. म्हणून दोन ट्यूब कायम सोबत हव्यात, आणि काट्यांच्या रस्त्यासाठी आतून पंक्चररोधक पट्टा असलेला टायर घेतलेला बरा.

दुसरा प्रश्न : चढावर सगळ्यात हलका गिअर कोणता?

दुकानात सांगतात, "सोळा गिअर आहेत, अठरा आहेत." या आकड्याचा चढाशी फारसा संबंध नाही. चढावर उपयोगी पडतो तो सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढची लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती.

हिशोब सोपा आहे. रोड बाईकचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जातं. पुढे ३४ दात आणि मागे ३२ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग होतो ताशी ८ किलोमीटर. करंजी घाटात दमलेल्या पायांना हा वेग झेपतो.

तेच जुन्या रेसिंग सायकलला पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील, तर एका फेऱ्यात ३.३ मीटर. तेवढेच फेरे मारायचे तर ताशी १२ किलोमीटरने चढ चढावा लागेल. नाही जमलं की पायडल जड होतं आणि भार गुडघ्यावर येतो.

म्हणून पुढे ५०/३४ आणि मागे ३२ किंवा त्याहून मोठी चकती ही जोडी घाटवाल्यांनी शोधावी.

राहिला गिअरच्या नावांचा गोंधळ. शिमानो कंपनीची चढती भाजणी अशी : टूर्नी (मागे ७ चकत्या), क्लॅरिस (८), सोरा (९), टियाग्रा (१०), मग १०५ आणि त्यावर महागड्या अल्टेग्रा, ड्युरा-एस. क्लॅरिस, सोरा आणि टियाग्राच्या जागी कंपनी आता 'क्यूज' ही मालिका आणतेय, त्यामुळे नव्या सायकलवर ते नावही दिसू शकतं.

मध्यम बजेटला क्लॅरिस किंवा सोरा पुरेसं आहे. टूर्नीच्या लिव्हरला एका दिशेने गिअर बदलायला अंगठ्याचं बटन असतं. हँडल खालून धरलं की अंगठा तिथवर पोचत नाही. लांब पल्ल्याला याचा त्रास होतो, म्हणून ती पायरी ओलांडता आली तर ओलांडावी. क्लॅरिसवरून सोरावर गेल्याने चढ आपोआप सोपा होत नाही, दोन गिअरमधली उडी तेवढी लहान होते. उलट ८ चकत्यांची चेन स्वस्त पडते आणि मिळतेही लवकर.

कार्बनची घाई कशाला?

"हलकी सायकल म्हणजे वेगवान सायकल" या वाक्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात. इथेही आकडे बघू.

माणूस ७० किलो, सायकल १२, पाणी-सामान ३. एकूण ८५ किलो. सायकल २ किलोने हलकी झाली तर एकूण वजन सव्वादोन-अडीच टक्क्यांनी कमी होतं. दहा मिनिटांच्या चढावर वाचतात साधारण १४ सेकंद. तेवढ्यासाठी बजेट दुप्पट करायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

सपाटीवर खरा शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. सुप्याच्या पठारावर समोरून वारा आला की दोन किलो वजनापेक्षा अंग किती वाकलंय याने जास्त फरक पडतो. वाकडं हँडल त्यासाठीच असतं, पण त्यावर तासन् तास बसता आलं तरच त्याचा फायदा.

शिवाय बहुतेकांना किती वेग लागतो? लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राईडला २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटं मिळतात, ६०० किलोमीटरला ४० तास. म्हणजे चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी. चांगल्या मापाची ॲल्युमिनियमची सायकल हे आरामात करते. ५०-६० हजारांत ॲल्युमिनियमची फ्रेम आणि जमल्यास पुढचा चिमटा तेवढा कार्बनचा, हे गणित व्यवहार्य आहे.

ब्रेक : डिस्क की रिम?

नगर शहर आणि दक्षिणेकडचे तालुके पर्जन्यछायेत येतात. वर्षातले बरेच महिने रस्ता कोरडा. अशा ठिकाणी चांगले रिम ब्रेक पुरतात. ते हलके, स्वस्त आणि कुठलाही सायकल मिस्त्री लावून देईल असे.

पण पावसाळ्यात भंडारदऱ्याला जायचं असेल किंवा घाटात नेहमीचं येणं-जाणं असेल, तर डिस्क घ्यावेत. ओल्या रस्त्यात ते भरवशाचे, आणि डिस्कच्या फ्रेममध्ये जाड टायरला जागाही सहसा जास्त असते. या बजेटमध्ये तारेवर चालणारे मेकॅनिकल डिस्क येतात. हायड्रॉलिक ब्रेक भारी असतात, पण त्यात ऑइल भरायला अवजारं आणि जाणकार लागतो. तालुक्याच्या ठिकाणी तार बदलणं कधीही सोपं.

सगळ्यात महागडी चूक : माप

गिअर बदलता येतो, टायर बदलता येतो, फ्रेमचं माप बदलता येत नाही. ऑनलाइन सवलत बघून मोठी सायकल घेतली की मान, खांदे आणि कंबर त्याची किंमत चुकवतात.

घरी करण्यासारखं एक काम आहे. अनवाणी, भिंतीला टेकून उभं राहायचं. पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखं वर दाबून धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंतची उंची मोजायची. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँक ज्याभोवती फिरते त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. ८० सेंटीमीटर माप असेल तर सीट साधारण ७०.६ सेंटीमीटरवर.

सीट वर-खाली करता येते, पण हँडल किती लांब आणि किती खाली हे फ्रेमच ठरवते. कंपनीच्या तक्त्यात त्याला 'रीच' आणि 'स्टॅक' म्हणतात. पहिली रोड बाईक घेणाऱ्याने स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली 'एन्ड्युरन्स' प्रकारची सायकल बघावी. कमी उंचीच्या मुली-महिलांनी तर दुकानात उभी असलेली मधल्या मापाची सायकल "चालून जाईल" म्हणून अजिबात घेऊ नये. छोटं माप मागवायला लावावं, दोन आठवडे थांबावं लागलं तरी चालेल.

६० हजारांचा हिशोब

सगळे ६० हजार सायकलवर घालवले तर हेल्मेटला पैसे उरत नाहीत. म्हणून साधारण १५ टक्के रक्कम आधीच बाजूला काढावी. ढोबळ वाटणी अशी :

सायकल : ५० हजारांपर्यंत
हेल्मेट : दीड-दोन हजार
पुढचा-मागचा लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट : दोन-अडीच हजार
पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पाना-संच, अडॅप्टर : दोन-अडीच हजार
पॅडची चड्डी : हजार-दीड हजार
उरलेले : पहिली सर्व्हिसिंग आणि सीट-हँडलचं माप बसवायला

यातला मागचा लाइट शेवटी घ्यायची वस्तू नाही. पुणे रोडवर पहाटे ट्रकवाल्याला सायकल दिसते ती त्या लाल दिव्यामुळेच.

एक फायद्याची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. करापूर्वी ४० हजारांची असलेली सायकल आधी ४४,८०० ला पडायची, आता ४२ हजारांना. बिलात कर किती लावलाय ते बघून घ्यावं.

जुनी घ्यायची का? की आहे तीच सुधारायची?

वापरलेली सायकल हा चांगला मार्ग आहे, फक्त तपासणी हवी. जोडणीच्या जागी तडा आहे का ते उजेडात बघावं. चेनवर पट्टी धरावी. नव्या चेनचं १२ इंचांचं अंतर बरोबर १२ इंच भरतं. ते १/१६ इंचाने वाढलं असेल तर चेनचा खर्च धरा, १/८ ने वाढलं असेल तर मागच्या चकत्यांचाही. मूळ बिल आणि फ्रेम नंबर मागावा, नाहीतर चोरीची सायकल गळ्यात पडायची. पडलेल्या कार्बन फ्रेमचा तडा आत दडलेला असू शकतो, म्हणून इतिहास माहीत नसलेली कार्बन सायकल टाळलेली बरी.

आणि हातातली हायब्रिड बरी असेल तर आधी तिलाच चांगले बारीक टायर, योग्य सीट आणि नवी चेन लावून बघावं. तीन-चार हजारांत बराच फरक पडतो. मात्र तिला वाकडं हँडल लावायच्या भानगडीत पडू नये. रोड बाईकचे लिव्हर तार कमी ओढतात, व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. दोघांचं जमत नाही, आणि लिव्हर बदलता बदलता खर्च नव्या सायकलच्या जवळ जातो.

शेवटी दुकानात गेल्यावर विचारायचे प्रश्न चारच : माझ्या मापाची आहे का, टायर किती जाड बसतो, मागची मोठी चकती किती दातांची, आणि हिचे सुटे भाग नगरमध्ये मिळतील का. चारही उत्तरं पटली की अर्धा तास चालवून बघायची, चढ असलेल्या रस्त्यावर. त्या अर्ध्या तासात मनगट किंवा मान दुखली तर सवलत कितीही असो, दुसरी सायकल बघायची.