पहिल्या सेक्टरातील जोशी

दरसाल ५ जानेवारीस संगणक एकाएकी स्तब्ध व्हावा, पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करण्याची आज्ञा उमटावी आणि ती मुकाट्याने पाळल्यावाचून यंत्राने पुढे हलू नये, असा चमत्कार घडवणारा एक व्हायरस जून १९९० मध्ये भारतात प्रथम पकडला गेला. नांदुऱ्यातील एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या अडगळीतून मिळालेल्या सव्वापाच इंची फ्लॉपीचा पहिला सेक्टर उघडून पाहत असता, आरंभीच ‘ईबी १एफ’ ही बाइटांची जोडी दिसली. ही जोशीची ओळखखूण. तेव्हापासून पार्टिशन टेबलाचा जो इतिहास मी वाचला, तो सगळा ह्या जोशीच्या मागावर.

मूळ व्यवस्था परिचयाची आहे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी हा संगणक दहा मेगाबाइटांच्या हार्ड डिस्कसह बाजारात आला आणि त्याबरोबरच्या डॉस २.० ने डिस्कच्या वाटण्या लिहून ठेवण्याचे दप्तर पहिल्याच सेक्टरात मांडले. ५१२ बाइटांच्या त्या सेक्टरात ४४६ बाइट आज्ञावलीस, ६४ बाइट वाटणीपत्रास, म्हणजेच पार्टिशन टेबलास (चार हिस्से, प्रत्येकी १६ बाइट), आणि शेवटचे दोन ‘५५ एए’ ह्या शिक्क्यास. यंत्र सुरू होताच बायॉस हा सेक्टर स्मृतीत ‘७सी००’ ह्या पत्त्यावर आणून ठेवतो. हा पत्ता विचित्र वाटतो खरा. पण १९८१ च्या पहिल्या पीसीसाठी ३२ किलोबाइटांची किमान स्मृती गृहीत धरून तिचे अखेरचे १०२४ बाइट ह्या कामी राखले गेले, त्याचा हा हिशेब आहे. पुढे बायॉस फक्त शिक्का पाहतो, मजकूर पाहत नाही, आणि सारा अखत्यार त्या सेक्टरातील आज्ञावलीच्या स्वाधीन करतो. ही आज्ञावली चौघांपैकी ज्या हिश्शावर ‘८०’ ही खूण असेल तो शोधून त्याचा स्वतःचा बूट सेक्टर आणते, आणि मग डॉस उठतो. म्हणजे पहिल्या सेक्टरात जो बसेल, त्याची सत्ता डॉसच्याही आधी सुरू होते. शिवाय पहिला हिस्सा नव्या ट्रॅकपासून मोजण्याची वहिवाट असल्यामुळे, त्या काळच्या १७ सेक्टरी ट्रॅकांपैकी पहिल्यावरचे १६ सेक्टर बेवारस पडून राहत.

आता जोशीच्या कुळाकडे वळू. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी ह्या बंधूंनी ‘ब्रेन’ सोडला आणि त्यात आपल्या दुकानाचे नाव व दूरध्वनी क्रमांकही घातले. तो केवळ फ्लॉपीवर राही. परंतु कोणी बूट सेक्टर वाचू गेले, तर अन्यत्र जपून ठेवलेला मूळ सेक्टर पुढे करी. कचेरीत तोतया कारकून बसावा आणि तपासणी आली की खऱ्या कारकुनाचे दप्तर दाखवावे, तसा तो प्रकार. दुसरा पूर्वज न्यूझीलंडमधील वेलिंग्टनचा, १९८७ चा ‘स्टोन्ड’; ह्याने हार्ड डिस्कचा पार्टिशन सेक्टरच बळकावला, पण लपण्याची कला त्याला नव्हती. जोशीत ह्या दोन्ही विद्या एकत्र नांदतात: बैठक स्टोन्डची, सोंग ब्रेनचे.

ह्यावर प्रतिपक्ष असा की, हार्ड डिस्क काबीज करायची तर पहिल्या सेक्टरावाचून मार्गच नाही. तेव्हा वेलिंग्टनला सुचले ते इकडेही स्वतंत्रपणे सुचले असेल, उसनवारी मानण्याचे कारण काय? हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. दुसरा मार्ग होता आणि चालू होता: ‘पिंग-पाँग’ व्हायरसचा हार्ड डिस्कवर जाणारा वाण पार्टिशन टेबलास न शिवता हिश्शाच्या बूट सेक्टरात बसे. दोन दारे मोकळी असताना जोशीने स्टोन्डचे दार निवडले आणि त्यावर पडदा ब्रेनचा टाकला, हे नुसत्या योगायोगाचे काम नव्हे. हातोहात आणि रेल्वेने फिरणाऱ्या फ्लॉप्यांतून हे दोन्ही पूर्वज आपल्याकडे पोचले असले पाहिजेत. जोशीची स्वतःची कमाई एकच, पण अस्सल: ब्रेन आपले सेक्टर ‘खराब’ म्हणून नोंदवून लपे, हा मात्र फ्लॉपीच्या ठराविक ४० वा ८० ट्रॅकांच्या पलीकडे, जेथे कोणी मोजणीच करीत नाही तेथे, एक जादा ट्रॅक आखून त्यावर पाच सेक्टर बांधी.

आणि हा जोशी कोठला? जोशी कुमाऊँत आहेत, गुजरातेत आहेत, कर्नाटकातही आहेत. तरीही माझे मत महाराष्ट्राच्या बाजूचे. गुजराती मनुष्य ‘भाई’ जोडील, कुमाऊँचा ‘जी’ जोडील. नुसत्या आडनावाने हाक मारून तीत सलगी आणि आदर दोन्ही बसवणे, ही रीत आमच्या कचेऱ्यांची आणि वसतिगृहांची. इंग्रजी संदेशात ‘जी’ कशाला येईल, असे कोणी विचारील, तर विचारो. कर्ता स्वतः जोशी नसावा, हेही मला जवळजवळ निश्चित वाटते; जोश्याने स्वतःसाठी शुभेच्छा अशा सक्तीने वसूल केल्या असतील, हे अशक्य नाही, परंतु मित्राच्या खोडीचा वास त्यात अधिक येतो.

पुढचे सर्वश्रुत आहे: पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील हे व्हायरसनाशक आले, आणि दोन टेराबाइटांपलीकडे जुने वाटणीपत्र पुरेना म्हणून १२८ हिश्शांची जीपीटी रुळली. तिनेही पहिला सेक्टर मात्र जुन्याच शिक्क्यासह राखून ठेवला आहे.

विदर्भात वा अन्यत्र कोणाच्या माळ्यावर १९९० च्या आगेमागेच्या सव्वापाच इंची फ्लॉप्या असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. आणि वाचण्यापूर्वी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी अवश्य लावावी.