वेशीवरचा शिक्का : मुंबईतील मांसतपासणी आणि परत मागविण्याचा प्रश्न

विकले गेलेले सदोष अन्न ग्राहकाच्या घरापर्यंत जाऊन परत मागवावे, ही कल्पना मुंबईच्या नागरी इतिहासात फार उशिरा अवतरली. तत्पूर्वी शंभराहून अधिक वर्षे या शहराच्या अन्नरक्षणाची सारी भिस्त एकाच तत्त्वावर होती : जे तपासलेले नाही ते वेशीच्या आत येऊ द्यावयाचे नाही. मांसाच्या बाबतीत हे तत्त्व जितक्या स्पष्टपणे कायद्यात उतरले तितके अन्य कोणत्याही खाद्यपदार्थाच्या बाबतीत उतरलेले दिसत नाही. हे तत्त्व का स्वीकारले गेले, त्याची मर्यादा कोठे होती आणि परत मागविण्याच्या आधुनिक उपायाने ती मर्यादा कितपत ओलांडली, याचा विचार येथे केला आहे.

आर्थर क्रॉफर्ड हा १८६५ ते १८७१ या काळात मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याच्या कारकिर्दीत मांसव्यवसायाचे दोन तुकडे पडले. शहराचा कत्तलखाना माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्यास गेला आणि विक्रीचे मुख्य केंद्र म्हणून १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. वांद्रे तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर, साष्टीत होते. बृहन्मुंबईत त्याचा समावेश १९५० साली झाला. म्हणजे गिरगाव, लालबाग, परळ वा दादर येथील रहिवाशाच्या ताटात पडणारे मटण सुमारे ऐंशी वर्षे शब्दशः ‘बाहेरून आलेले’ मटण होते. वध हद्दीबाहेर आणि विक्री हद्दीत, अशी विभागणी झाल्यावर वेशीवरून येणारे मांस कोणत्या वधगृहातील आहे, हा प्रश्न अपरिहार्यपणे महत्त्वाचा ठरला.

त्याचे उत्तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात सापडते. त्याच्या ४०५ व्या कलमान्वये, पालिकेने न चालविलेल्या अथवा परवाना न दिलेल्या वधगृहातील मांस कमिशनरच्या लेखी परवानगीवाचून शहरात आणण्यास बंदी झाली. असे मांस जप्त करण्याचा अधिकारही त्यात आहे. ४१४ व्या व त्यापुढील कलमांनी विक्रीस मांडलेल्या अन्नाची सतत व दक्षतेने तपासणी करण्याची व्यवस्था ठेवणे हे कमिशनरचे कर्तव्य ठरविले आणि अपायकारक माल जप्त करण्याची तरतूद केली. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विनापरवाना आणलेले मांस प्रत्यक्षात नासलेले आहे की नाही, हे सिद्ध करण्याची आवश्यकता कायद्याने ठेवली नाही. तपासणी चुकविणे हाच दोष मानला गेला.

वरवर पाहता हे कठोर वाटते. परंतु त्यामागे पशुवैद्यकाचे पक्के कारण आहे. मांसतपासणीचे दोन भाग असतात. वधापूर्वी जनावराची चाल, श्वास, ताप, डोळे व कातडी पाहतात. वधानंतर फुप्फुसे, यकृत, हृदय, जीभ आणि लसिकाग्रंथी चिरून पाहतात. क्षयाच्या गाठी फुप्फुसांत व ग्रंथींत आढळतात, यकृतात पर्णकृमी आढळतात, तर पट्टकृमीच्या पुटिका हृदयाच्या व जिभेच्या स्नायूंत दिसतात. ही इंद्रिये धडापासून वेगळी झाली की रोगाचा बहुतेक पुरावाही नाहीसा होतो. खाटकाच्या ओंडक्यावर तुकडे झालेले मांस पाहून निष्णात पशुवैद्यही ते जनावर निरोगी होते असे छातीठोकपणे सांगू शकणार नाही. म्हणूनच धडावरील शिक्का हा केवळ कराच्या पावतीसारखा नसतो. पुन्हा कधीही करता न येणाऱ्या परीक्षेचे ते एकमेव प्रमाण असते. १८८६ साली परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले आणि या परीक्षेसाठी लागणाऱ्या शास्त्राच्या शिक्षणाची सोय शहरातच झाली. पुढे १९७१ साली देवनारचे पशुवधगृह सुरू झाले, तेव्हा जागा बदलली. तत्त्व मात्र तेच राहिले.

तथापि ४०५ व्या कलमाने एक दार उघडे ठेवले होते. खारवलेल्या अथवा टिकविलेल्या मांसास ते लागू नव्हते. डबाबंद मांस आगबोटीने दूरदेशाहून येई. त्याच्या जनावराची तपासणी मुंबईत होणे शक्यच नव्हते. तेव्हा वेशीवरच्या शिक्क्याची जागा दूरच्या कारखान्यावरील विश्वासाने घेतली. हा विश्वास किती ठिसूळ असू शकतो, याचे उदाहरण मुंबईत नव्हे, तर स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे मिळते. १९६४ च्या उन्हाळ्यात तेथे विषमज्वराची साथ पसरून चारशेहून अधिक लोक आजारी पडले. तिचे मूळ अर्जेंटिनातील गोमांसाच्या डब्यात निघाले. निर्जंतुक करून तापलेले डबे नदीच्या अशुद्ध पाण्याने थंड केले जात आणि सांध्यातील सूक्ष्म छिद्रातून जंतू आत शिरत. डबा दुकानात उघडल्यावर काप करण्याच्या यंत्राने दोष इतर मांसातही पसरला. आदल्याच वर्षी हार्लो, साउथ शील्ड्स व बेडफर्ड येथील साथींनी अशाच डब्यांकडे बोट दाखविले होते. तरीही संशयित साठा पूर्णपणे बाजारातून काढला गेला नव्हता. परत मागविण्यातील विलंबाची किंमत ॲबरडीनच्या नागरिकांनी मोजली.

मुंबईपुढे आयात अन्नाचा असाच प्रश्न आला तो मांसाच्या नव्हे, लोण्याच्या रूपाने. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. त्यानंतर युरोपीय आर्थिक समुदायाने ‘ऑपरेशन फ्लड’ कार्यक्रमासाठी अनुदान म्हणून दिलेले आयर्लंडचे लोणी मुंबईत आले. त्यात किरणोत्सर्गी द्रव्ये असल्याने त्याचे वितरण थांबवावे, अशी मागणी घेऊन काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे अपयश आल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी ठरविलेल्या मर्यादेतील अन्न सेवनास निर्धोक आहे काय, हा प्रश्न न्यायालयाने तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. समितीने होकारार्थी मत दिले आणि १९८८ साली वाद मिटला. निकाल आयातीच्या बाजूने लागला, तरी नागरिकांनी वितरणापूर्वीच धाव का घेतली, हे विचार करण्याजोगे आहे. या कार्यक्रमात परदेशी दूधभुकटी व लोणीतेल मिसळून शहरासाठी दूध तयार केले जाई. दुधात विरघळलेल्या लोण्याला स्वतःची ओळख उरत नाही. ज्याची ओळख उरली नाही ते परत मागविता येत नाही.

पुढील काळात कायद्याने हे दार बरेच लोटून घेतले. १८९८ च्या पशुधन आयात अधिनियमाच्या कक्षेत २००१ साली पशुजन्य पदार्थही आणले गेले. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाच्या २८ व्या कलमाने सदोष अन्न परत मागविणे ही व्यावसायिकाचीच जबाबदारी ठरविली आणि २०१७ साली त्याची कार्यपद्धती सांगणारे विनियम आले. या विनियमांनुसार उत्पादक, आयातदार व घाऊक पुरवठादार यांनी परत मागविण्याची योजना तयार ठेवावयाची आहे. केवळ किरकोळ विक्री करणाऱ्यास मात्र तीतून सूट आहे. लहान दुकानदाराच्या दृष्टीने ही सूट समजण्यासारखी असली, तरी साखळीचा शेवटचा दुवा तीमुळे कागदाबाहेर राहतो.

यावरून दोन्ही उपायांतील भेद स्पष्ट होतो. शिक्का वस्तूच्या अंगावर असतो. परत मागविण्याचे सामर्थ्य नोंदवहीत असते. आयातदाराच्या गोदामापर्यंत पेटी क्रमांकाने ओळखता येते. पण लालबागच्या एखाद्या दुकानातून कामावरून परतणाऱ्या माणसाने पाव किलो खिमा नेला, तर तो कोणत्या पेटीतला होता हे ना दुकानदार सांगू शकतो, ना ग्राहक. त्याच रात्री तो शिजतो. अशा स्थितीत तपासणी चुकवून आलेला माल परत मागविण्याची घोषणा झाली, तरी ती बहुधा रिकाम्या भांड्यापर्यंतच पोहोचेल. १८८८ च्या कायदेकर्त्यांना परत मागविण्याची कल्पना नव्हती. पण हाती काय उरत नाही, याची जाण त्यांच्या कलमात दिसते. नवा उपाय हा जुन्या तपासणीस पूरक होय, पर्याय नव्हे. वेशीवर जे पाहिले गेले नाही, ते चुलीपाशी पाहता येत नाही.